चुकलेल्या नेमाची दुसरी संधी : स्कीट नेमबाजीच्या इतिहासातील नवशिक्याचे स्थान

प्रस्तावना

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटली की डोळ्यांपुढे रायफल येते. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत, २०१० मध्ये म्युनिच येथे जगज्जेतेपद मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ मध्ये कांस्यपदक जिंकणारे स्वप्नील कुसाळे यांनी मराठी मनात या खेळाची एक निश्चित प्रतिमा निर्माण केली आहे. या प्रतिमेतील नेमबाज निश्चल असतो, लक्ष्यही निश्चल असते, आणि दोहोंमधील अंतर श्वास रोखून पार करायचे असते. आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्र सेनेचा विद्यार्थी जे पहिले धडे गिरवतो, तेही याच परंपरेतले असतात.

शॉटगनच्या खेळांत, विशेषतः स्कीट या प्रकारात, हे सारे उलटे होते. लक्ष्य उडत असते, बंदूक फिरत असते, आणि नेम लक्ष्यावर न धरता लक्ष्याच्या पुढील रिकाम्या जागेत धरावा लागतो. स्कीटचा इतिहास सामान्यतः विक्रमांचा आणि पदकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न आहे. स्कीट हा जन्मतः स्पर्धेचा खेळ नव्हता. चुकणाऱ्या शिकाऱ्याने आपली चूक पुन्हा पुन्हा करून पाहावी व सुधारावी, यासाठी रचलेली ती एक अभ्यासपद्धती होती. स्पर्धेचे रूप घेताना या पद्धतीतील काय टिकले आणि काय गळाले, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

कबुतरापासून चकतीपर्यंत

उडत्या लक्ष्यावरील नेमबाजीची सुरुवात जिवंत पक्ष्यांपासून झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पेटीतून सोडलेल्या कबुतरांवर बार काढण्याचा खेळ रूढ झालेला होता. १९०० च्या पॅरिस येथील खेळांतही कबुतरांवरील स्पर्धा झाली आणि तीत सुमारे ३०० पक्षी मारले गेले. दरम्यान अमेरिकेत काचेचे पोकळ गोळे हवेत उडवून त्यांवर नेम धरण्याची पद्धत आली. फुटल्यावर पक्ष्याचा भास व्हावा म्हणून त्यांत कधी पिसेही भरीत. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीच्या चकतीचे पेटंट घेतले. आज ही चकती चुनखडीची पूड आणि डांबरासारखा पदार्थ यांची बनते. तिचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम असते. इंग्रजीत मात्र तिला अजूनही ‘मातीचे कबुतर’ असेच म्हणतात. रक्तपात संपला तरी शब्दाने त्याची आठवण ठेवली आहे.

चकतीवरील पहिला खेळ ‘ट्रॅप’ या नावाने ओळखला जातो. त्यात चकत्या नेमबाजासमोरून, त्याच्यापासून दूर जातात. जंगलातील पक्षी मात्र असा शिस्तीने एकाच बाजूस उडत नाही, आणि स्कीटचे मूळ नेमके या उणिवेत आहे.

अँडोव्हरचे घड्याळ

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील अँडोव्हर येथे चार्ल्स डेव्हिस नावाचे गृहस्थ राहत होते. ते ग्राउज या तितरासारख्या रानपक्ष्याची शिकार करीत. हा पक्षी झाडीतून अकस्मात फडफडत उठतो, वेगाने आडवा निघून जातो आणि क्षणार्धात दिसेनासा होतो. साहजिकच बहुतेक बार फुकट जात. एखादा बार का चुकला हे रानात तपासता येत नाही, कारण तोच पक्षी त्याच कोनातून पुन्हा उडत नाही.

१९१५ ते १९२० च्या सुमारास डेव्हिस, त्यांचा मुलगा हेन्री आणि विल्यम हार्नडन फॉस्टर यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी सुमारे २५ यार्ड त्रिज्येचे वर्तुळ आखले, घड्याळाच्या तबकडीप्रमाणे त्यावर १२ स्थाने ठरवली आणि बाराच्या आकड्यावर चकती फेकणारे यंत्र बसवले. चकती बारावरून निघून सहाच्या आकड्यावरून जाई. नेमबाज एकेका स्थानावरून दोन दोन बार काढीत पुढे सरके. यंत्र एकच आणि चकतीचा मार्गही एकच असला, तरी उभे राहण्याची जागा बदलताच तीच चकती कधी समोरून येणारी, कधी आडवी जाणारी, तर कधी दूर जाणारी होई. रानातील सारे कोन अशा रीतीने एका परसात गोळा झाले. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक कोन हवा तितक्या वेळा पुन्हा अनुभवता येऊ लागला.

काडतुसांच्या डब्यात २५ काडतुसे असत. १२ स्थानांवर दोन दोन याप्रमाणे २४ संपत आणि एक उरे. हे पंचविसावे काडतूस वर्तुळाच्या मध्यभागी उभे राहून, डोक्यावरून येणाऱ्या चकतीवर झाडले जाई. आज जगभर स्कीटची एक फेरी २५ चकत्यांची असते, तिचे मूळ अशा व्यावहारिक हिशेबात आहे. खेळांचे नियम पुष्कळदा तत्त्वचिंतनातून कमी आणि डब्यात उरलेल्या वस्तूंतून अधिक घडतात.

पुढचा बदलही असाच घडला. १९२३ मध्ये शेजारच्या जागेत कोंबडीपालन सुरू झाले, आणि त्या दिशेने छर्रे उडवणे अशक्य झाले. तेव्हा वर्तुळ अर्धे केले गेले. कोन कमी होऊ नयेत म्हणून समोरच्या बाजूला दुसरे फेकयंत्र बसवण्यात आले. पुढे फॉस्टर यांनी एक यंत्र उंचावर नेले. आजच्या स्कीट मैदानावरील ‘उंच घर’ आणि ‘खालचे घर’ ही जोडी त्यातूनच आली. उंच घरातून चकती सुमारे तीन मीटरवरून, तर खालच्या घरातून सुमारे एक मीटरवरून निघते. अर्धवर्तुळावर सात स्थाने असतात आणि आठवे दोन घरांच्या मधोमध असते.

या रचनेत पंचविसाव्या काडतुसाला अमेरिकन नियमांनी नवे काम दिले. फेरीतील पहिला नेम चुकला की नेमबाजाने लगेच, त्याच स्थानावरून, त्याच चकतीवर पुन्हा बार काढायचा. हाच त्याचा पंचविसावा बार. एकही नेम चुकला नाही, तरच तो अखेरच्या स्थानावर वापरायचा. स्पर्धेचे गुण मोजले जात असतानाही चुकलेल्याला तीच परिस्थिती तत्काळ पुन्हा देणारा हा नियम शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते स्कीटच्या मूळ हेतूचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

नामकरण

फॉस्टर चित्रकार होते आणि शिकारविषयक नियतकालिकांचे संपादकही होते. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी ‘नॅशनल स्पोर्ट्समन’ आणि ‘हंटिंग अँड फिशिंग’ या मासिकांतून हा खेळ वाचकांपुढे ठेवला आणि त्याला नाव सुचवणाऱ्यास १०० डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. सुमारे १०,००० सूचना आल्या. मोंटाना राज्यातील डेटन येथील गर्ट्रूड हर्लबट यांनी सुचवलेले ‘स्कीट’ हे नाव निवडले गेले. स्कँडिनेव्हियन भाषांतील ‘नेम मारणे’ या अर्थाच्या जुन्या शब्दाशी त्याचा संबंध सांगितला जातो. रानात फिरणाऱ्या पुरुषांच्या या खेळाला नाव एका स्त्रीने दिले, ही नोंद येथे करून ठेवणे आवश्यक आहे. तिचा संदर्भ पुढे येईल.

नवशिक्या काय शिकतो

नवशिक्याची पहिली अडचण गणिताची असते, पण ती गणिताने सुटत नाही. चौथ्या स्थानावरून आडवी जाणारी चकती सुमारे १९ मीटर अंतरावर असते. छर्ऱ्यांना तेथे पोहोचण्यास सेकंदाचा साधारण सतरावा ते अठरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात चकती एक मीटरहून थोडी अधिक पुढे सरकलेली असते. म्हणजे चकतीवर अचूक धरलेला नेम हमखास चुकतो, तोही मागच्या बाजूने. चकतीपुढे ठेवाव्या लागणाऱ्या या अंतरास ‘लीड’ म्हणतात. स्थान बदलले की लीडही बदलते. म्हणूनच नवशिक्याला बहुधा प्रथम सातव्या स्थानावर उभे करतात, कारण तेथे खालच्या घरातील चकती सरळ दूर जाते आणि तिला लीड जवळजवळ लागत नाही. दस्ता गालाला व खांद्याला नीट टेकला, की चकती फुटते. या पहिल्या यशानंतर त्याला आडव्या चकत्यांकडे नेले जाते.

दुसरी अडचण अधिक हट्टी आहे. चाप ओढण्याच्या क्षणी बंदूक थांबवण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. रायफल शिकलेल्याला तर तो अधिकच होतो, कारण स्थिर होऊन हळुवार चाप दाबणे हेच त्याच्या अंगवळणी पडलेले असते. येथे मात्र नळी थांबली की लीड संपले. बार निघाल्यानंतरही बंदूक फिरती ठेवावी लागते. छात्र सेनेत उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी स्कीटच्या मैदानावर प्रारंभी अपयशी ठरला, तर तो त्याच्या आधीच्या शिक्षणाचा दोष नसून त्या शिक्षणाच्या यशाचाच परिणाम मानावा लागेल.

लीड कसे शिकवावे याविषयी दोन परंपरा आढळतात. अमेरिकन स्कीटमध्ये प्रत्येक स्थानासाठी किती फूट पुढे धरायचे हे सांगण्याची पद्धत रूढ झाली. मैदान सर्वत्र सारखे असल्याने ती शक्यही होती. याउलट लंडनचे बंदूककार रॉबर्ट चर्चिल जाणीवपूर्वक मोजमापाच्या विरोधात होते. दृष्टी पक्ष्यावर खिळवून शरीर योग्य रीतीने फिरवले, तर आवश्यक ते अंतर आपोआप साधते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिकारीसाठी चर्चिल यांचे म्हणणे ग्राह्य वाटते. परंतु ज्याला आपली चूक कोठे झाली हेच कळत नाही, त्या नवशिक्याच्या हाती काही मोजमाप असणे अधिक उपयोगी आहे.

युद्धकालीन वापर

शिक्षणसाधन म्हणून स्कीटचा सर्वांत व्यापक वापर दुसऱ्या महायुद्धात झाला. बॉम्बफेकी विमानातील मशीनगन चालवणाऱ्या सैनिकापुढील समस्या अँडोव्हरच्या शिकाऱ्याचीच होती. फरक इतकाच, की त्याचे स्वतःचे आसनही वेगाने धावत असे. अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रांत हजारो तरुणांना प्रथम शॉटगन देऊन स्कीट शिकवले गेले. पुढच्या टप्प्यात त्यांना धावत्या ट्रकवर उभे करून चकत्यांवर नेम धरायला लावले जाई. परसातील छंदाने विनाशाच्या यंत्रणेत सहज प्रवेश मिळवला, ही बाब अस्वस्थ करणारी आहे.

स्पर्धेचे रूप

१९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये स्कीटचा समावेश झाला. आंतरराष्ट्रीय नियम अमेरिकन नियमांहून कठोर आहेत. चकती अधिक वेगवान असते. हाक दिल्यावर ती तत्काळ किंवा तीन सेकंदांपर्यंत केव्हाही सुटू शकते, आणि ती दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळ ठेवावा लागतो. काडतुसातील छर्ऱ्यांचे वजन २४ ग्रॅमहून अधिक चालत नाही. रानपक्ष्याच्या आकस्मिकतेशी हे नियम अधिक प्रामाणिक आहेत, हे मान्य केले पाहिजे. मात्र या रूपात चुकलेला नेम पुन्हा मिळत नाही. पंचविसावी चकती ही केवळ पंचविसावी चकती उरली.

प्रारंभी ही स्पर्धा स्त्री-पुरुषांसाठी एकच होती. १९९२ मध्ये बार्सिलोना येथे चीनच्या झांग शान यांनी २२५ पैकी २२३ चकत्या फोडून सर्व पुरुषांना मागे टाकले आणि सुवर्णपदक मिळवले. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये स्कीट केवळ पुरुषांसाठी होते, आणि स्त्रियांसाठी त्याची वेगळी स्पर्धा नव्हती. विद्यमान विजेतीला आपले पदक राखण्याची संधीच मिळाली नाही. स्त्रियांचे स्वतंत्र स्कीट २००० मध्ये सिडनी येथे सुरू झाले. ज्या खेळाचे नाव गर्ट्रूड हर्लबट यांनी दिले, त्याचे दार स्त्रियांसाठी एका संपूर्ण ऑलिम्पिकपुरते बंद राहिले.

भारतातील स्थिती

भारतात शॉटगनचा खेळ दीर्घकाळ संस्थानिक घराण्यांच्या शिकारी परंपरेशी निगडित होता. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह यांनी १९६२ मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले. स्कीटमधील यश त्यामानाने अलीकडचे आहे. मैराज अहमद खान यांनी २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये भाग घेतला आणि २०२२ मध्ये चांगवॉन येथील विश्वचषकात सुवर्णपदक जिंकले. २०१८ मध्ये कुवेत येथील आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत अंगदवीर सिंग बाजवा यांनी ६० पैकी ६० चकत्या फोडल्या.

या नावांच्या तुलनेत महाराष्ट्राची रायफल आणि पिस्तूल परंपरा वेगळी दिसते, आणि त्याचे कारण कौशल्यात नाही. एअर रायफलचा सराव शाळेच्या सभागृहातही करता येतो. स्कीटला मोकळे मोठे मैदान, दोन फेकयंत्रे, शस्त्र परवान्याची बंदूक आणि प्रत्येक फेरीस २५ काडतुसे लागतात. चुका करत शिकण्यासाठी जो खेळ निर्माण झाला, त्यात चूक करण्याचीच किंमत मोठी आहे. मध्यमवर्गीय घरातील विद्यार्थ्याला शंभर बार फुकट घालवण्याची मुभा कोण देणार?

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील नेमबाजी शातोरू येथे झाली. तेथे स्कीटच्या मिश्र सांघिक स्पर्धेत माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरूका यांची कांस्यपदकासाठी चीनशी लढत झाली. निकाल ४४ विरुद्ध ४३ असा लागला आणि भारतीय जोडी चौथ्या स्थानावर राहिली.