पान नको, पाटी हवी

पर्यावरणस्नेही परिषद केंद्र उभारायचे ठरले, की त्याची ओळखही हिरवीच हवी, हे जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. बोधचिन्हात पान, पाट्या बांबूच्या किंवा कच्च्या लाकडाच्या, अक्षरे मातकट. यामागची भावना प्रामाणिक आहे: इमारत जे मानते ते तिच्या अंगावर दिसावे. तरीही हे मत चुकीचे आहे, आणि ही चूक केवळ अभिरुचीची नाही.

सुरक्षा-चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ७०१० मध्ये, सुटकेची वाट हिरव्या रंगाने दाखवतात. दाराकडे धावणारी ती परिचित आकृती जपानी डिझायनर युकिओ ओता यांच्या रेखाटनातून आली. हजारोंच्या सभागृहात धूर पसरला, तर नजरेने शोधायचा तो हा एकच हिरवा. स्वच्छतागृह, उपाहारगृह, नोंदणी-कक्ष यांच्याही पाट्या हिरव्या केल्या, की तो त्यांच्यात हरवतो. लाकडावरची तपकिरी अक्षरे तर मोतीबिंदू झालेल्या पाहुण्याला धड दिसतही नाहीत.

मग ओळख कशातून द्यायची? व्हँकुव्हर कन्व्हेन्शन सेंटरची २००९ साली सुरू झालेली पश्चिम इमारत घ्या. सहा एकरांचे जिवंत छप्पर, त्यावर चार लाखांहून अधिक स्थानिक झाडे-गवते आणि मधमाश्यांच्या पेट्या; गारवा आणि ऊब यांसाठी समुद्राचे पाणी. पण छपरावर लोकांना प्रवेश नाही आणि पाण्याचे नळ भिंतीआड आहेत, त्यामुळे पाहुण्याला हे आपोआप कळत नाही. सांडपाणी तिथेच शुद्ध होऊन शौचालयांत आणि छपरावरच्या झाडांना वापरले जाते. हे सांगायची खरी जागा शौचालयाचे दार. तिथली एक नेमकी ओळ हीच त्या केंद्राची ओळख.

वाट दाखवणे हेही आधी इमारतीचेच काम. वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा यांच्या आधारे माणूस मनात शहराचा नकाशा रचतो, असे नगररचनाकार केविन लिंच यांनी १९६०च्या ‘द इमेज ऑफ द सिटी’त मांडले. परिषद केंद्रालाही ते लागू पडते. व्हँकुव्हरच्या काचभिंतींतून बंदर आणि पलीकडचे डोंगर दिसतात, त्यामुळे दिशा सापडते. अशा ठिकाणी पाट्या मुळातच कमी लागतात. उरलेल्या पाट्यांच्या चौकटी कायमच्या असाव्यात, मजकूर तेवढा बदलावा. दर परिषदेला नवे फ्लेक्स छापून फेकणाऱ्या केंद्राने पर्यावरणाचे नाव घेऊ नये.

केंद्र उभारणाऱ्या विश्वस्तांना विनंती आहे: बोधचिन्ह मागवण्याआधी, पहिल्या नकाशांबरोबरच, पाट्यांचा आराखडा मागवा.