विधेयकांची छाननी (भारत)

विधेयकांची छाननी म्हणजे एखाद्या विधेयकाचे कायद्यात रूपांतर होण्यापूर्वी संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या सदस्यांनी त्यातील तरतुदी, त्यांमागील हेतू आणि त्यांचे संभाव्य परिणाम तपासून पाहण्याची प्रक्रिया होय. आपण ज्यावर मत देतो ते विधेयक लोकप्रतिनिधींना कितपत समजलेले असते, हा प्रश्न या प्रक्रियेशी थेट निगडित आहे. भारतात याविषयीची चर्चा अनेकदा सदस्यांच्या शिक्षणाभोवती फिरते. मात्र आकलन हे वैयक्तिक कुवतीइतकेच उपलब्ध वेळ, समित्यांचे काम, संशोधन साहाय्य आणि पक्षादेश यांवरही अवलंबून असते.

विधेयकाचा प्रवास

संसदेत विधेयकाची तीन वाचने होतात. पहिल्या वाचनात विधेयक मांडले जाते. दुसऱ्या वाचनात आधी त्याच्या तत्त्वांवर सर्वसाधारण चर्चा होते आणि नंतर प्रत्येक खंड व त्यावरील दुरुस्त्या विचारात घेतल्या जातात. तिसऱ्या वाचनात विधेयक संमत करण्याच्या प्रस्तावावर मत घेतले जाते. 'वाचन' हा शब्द असला तरी सभागृहात विधेयकाचा संपूर्ण मजकूर वाचून दाखवला जात नाही. विधेयकासोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडलेले असते. खर्चाचा किंवा नियम करण्याच्या अधिकाराचा प्रश्न असल्यास त्याविषयीची स्वतंत्र निवेदनेही दिली जातात.

लोकसभा अध्यक्षांच्या निदेशांनुसार विधेयक मांडण्याच्या किमान दोन दिवस आधी त्याच्या प्रती सदस्यांना मिळणे अपेक्षित असते. वित्त विधेयक, विनियोजन विधेयक आणि गोपनीय स्वरूपाची विधेयके यांना यातून सूट आहे. इतर विधेयकांच्या बाबतीतही अध्यक्षांच्या अनुमतीने ही अट शिथिल होऊ शकते.

संविधानाच्या अनुच्छेद १०० नुसार निर्णय उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतो आणि गणसंख्या एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश असते. ५४३ सदस्यांच्या लोकसभेत त्यामुळे ५५ सदस्य उपस्थित असले तरी कामकाज वैध ठरते. आवाजी मतदानात कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले याची नोंद राहत नाही. ती मतविभागणी झाली तरच होते. अनुच्छेद १२२ नुसार कार्यपद्धतीतील अनियमिततेच्या कारणावरून संसदेच्या कामकाजाची वैधता न्यायालयात प्रश्नास्पद करता येत नाही. म्हणजेच सदस्यांनी विधेयक न वाचता मत दिले, एवढ्याच कारणावरून कायदा रद्द होत नाही.

आकलनातील अडचणी

* मसुद्याचे स्वरूप: बहुसंख्य विधेयके अस्तित्वातील कायद्यांत बदल करणारी असतात. 'अमुक कलमातील तमुक शब्दांऐवजी पुढील शब्द दाखल करण्यात येतील' अशा रचनेमुळे मूळ कायदा समोर ठेवल्याशिवाय बदलाचा अर्थ लागत नाही. उदाहरणार्थ, वित्त अधिनियम, २०१८ द्वारे परकीय देणग्यांविषयीच्या आधीच्या एका दुरुस्तीतील तारीख बदलून ५ ऑगस्ट १९७६ अशी करण्यात आली. केवळ तारखेच्या या बदलामुळे परकीय स्रोताची व्याख्या चार दशके मागे जाऊन लागू झाली आणि राजकीय पक्षांना पूर्वी मिळालेल्या काही देणग्यांना त्याचा लाभ झाला. त्या वर्षीचे वित्त विधेयक लोकसभेत चर्चेविना संमत झाले होते.
* भाषा: केंद्रीय विधेयके इंग्रजी व हिंदीत असतात. अनुच्छेद १२० नुसार या दोन्ही भाषांत पुरेसे व्यक्त होऊ न शकणाऱ्या सदस्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी मिळू शकते. मात्र त्याला विधेयक स्वतःच्या भाषेत मिळण्याची तरतूद त्यात नाही.
* नियमांवर सोपवलेला तपशील: अनेक विधेयकांत महत्त्वाचा तपशील पुढे सरकारने करावयाच्या नियमांवर सोपवलेला असतो. मतदानाच्या वेळी हे नियम सहसा अस्तित्वात नसतात.
* साहाय्य: सदस्यांना संसद ग्रंथालयाची संदर्भसेवा आणि सचिवीय साहाय्यासाठी भत्ता मिळतो, परंतु प्रत्येकासाठी विषयतज्ज्ञांचा स्वतंत्र चमू नसतो. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही २००५ मध्ये सुरू झालेली संस्था विधेयकांचे सारांश व विश्लेषण उपलब्ध करून देते.

पक्षादेश आणि पक्षांतरबंदी

१९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने संविधानात दहावी अनुसूची समाविष्ट झाली. तिच्यानुसार पूर्वपरवानगीशिवाय पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा किंवा मतदानापासून दूर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. पक्षाने १५ दिवसांत ते कृत्य माफ केल्यास अपात्रता टळते. ही तरतूद विश्वासदर्शक ठरावापुरती मर्यादित नसून सामान्य विधेयकांनाही लागू होते. पक्षांतराला आळा घालणे हा तिचा उद्देश होता. तथापि, विधेयकाचा अभ्यास करून एखादा सदस्य पक्षाहून वेगळ्या निष्कर्षाला पोहोचला, तरी त्याला त्याप्रमाणे मत देणे कठीण जाते. त्यामुळे अभ्यासाची प्रेरणाच क्षीण होते, असा आक्षेप घेतला जातो.

दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये आणि विधि आयोगाने १९९९ च्या १७०व्या अहवालात पक्षादेशाची व्याप्ती मर्यादित करण्याच्या शिफारशी केल्या. किहोतो होलोहन खटल्यात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने दहावी अनुसूची मुख्यत्वे वैध ठरवली.

समित्यांची भूमिका

१९९३ मध्ये विभागसंबंधित १७ स्थायी समित्या स्थापन झाल्या. २००४ मध्ये ही संख्या २४ झाली. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. समिती तज्ज्ञांना, अधिकाऱ्यांना व संबंधित घटकांना पाचारण करते आणि बंद दाराआड चर्चा करते. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. विधेयक समितीकडे पाठवणे अनिवार्य नाही.

पीआरएसच्या मोजणीनुसार १४व्या लोकसभेच्या काळात (२००४–०९) सुमारे ६० टक्के आणि १५व्या लोकसभेच्या काळात (२००९–१४) ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. १६व्या लोकसभेच्या काळात (२०१४–१९) हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर, तर १७व्या लोकसभेच्या काळात (२०१९–२४) १६ टक्क्यांवर आले.

उल्लेखनीय उदाहरणे

कलम ६६-अ: माहिती तंत्रज्ञान (दुरुस्ती) विधेयक डिसेंबर २००८ मध्ये गदारोळात, लोकसभेत चर्चेविना संमत झाले. त्यातील कलम ६६-अ नुसार 'त्रास' किंवा 'गैरसोय' यांसारख्या व्याख्या नसलेल्या शब्दांच्या आधारे ऑनलाइन मजकुरासाठी तुरुंगवासाची तरतूद झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली आणि हे कलम देशभर चर्चेत आले. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवले. मूळ विधेयक स्थायी समितीपुढे गेले होते. त्यामुळे समितीची छाननी सभागृहातील चर्चेला पर्याय ठरत नाही, असेही या उदाहरणावरून सांगितले जाते.

१०३वी घटनादुरुस्ती: आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाचे विधेयक ८ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेत मांडले गेले व त्याच दिवशी संमत झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ते संमत केले.

कृषी कायदे: जून २०२० मध्ये अध्यादेशांद्वारे आलेले तीन कृषी कायदे समितीकडे पाठवले गेले नाहीत. २० सप्टेंबर २०२० रोजी त्यांपैकी दोन विधेयके राज्यसभेत मतविभागणीची मागणी होत असताना आवाजी मतदानाने संमत झाली. दीर्घ शेतकरी आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तिन्ही कायदे रद्द करणारे विधेयकही दोन्ही सभागृहांत चर्चेविना संमत झाले.

भारतीय न्याय संहिता: हे विधेयक स्थायी समितीकडे गेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये विरोधी पक्षांचे शंभराहून अधिक खासदार निलंबित असताना ते संमत झाले. अपघातात मृत्यू घडवून, माहिती न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणाऱ्या कलम १०६ (२) विरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत वाहनचालकांनी काम बंद ठेवले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा हे उपकलम वगळण्यात आले.

राज्य विधिमंडळे

दहावी अनुसूची राज्य विधिमंडळांच्या सदस्यांनाही लागू आहे. महाराष्ट्रात निवडक विधेयकांसाठी विधानसभा व विधान परिषद यांच्या सदस्यांची संयुक्त समिती नेमली जाते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक अशा समितीकडे सोपवण्यात आले होते. तिच्याकडे १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. समितीने सुचवलेल्या बदलांसह ते जुलै २०२५ मध्ये संमत झाले. केरळ विधानसभेत १९८० पासून विषय समित्या असून विधेयके त्यांच्याकडे पाठवण्याची पद्धत आहे.

मतमतांतरे

प्रत्येक सदस्याने प्रत्येक विधेयक मुळापासून वाचावे ही अपेक्षा अव्यवहार्य आहे, असा एक मतप्रवाह आहे. संसदीय पद्धतीत पक्ष, मंत्री आणि समित्या यांच्यात श्रमविभागणी असते. सदस्य आपल्या विषयांत लक्ष घालतो आणि इतर बाबतींत सहकाऱ्यांवर विसंबतो. याउलट, ही श्रमविभागणी समितीची छाननी व सभागृहातील चर्चा प्रत्यक्षात होत असेल तरच समर्थनीय ठरते, असे टीकाकार म्हणतात. तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी १५ ऑगस्ट २०२१ रोजीच्या भाषणात पुरेशा चर्चेअभावी कायद्यांत संदिग्धता राहते, त्यांचा हेतू कळत नाही आणि खटले वाढतात, याकडे लक्ष वेधले होते.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत पॅट्रियट कायदा २४ ते २६ ऑक्टोबर २००१ या तीन दिवसांत दोन्ही सभागृहांची संमती व राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी मिळून अस्तित्वात आला. तेथील प्रतिनिधिगृहाच्या नियमांनुसार विधेयकाचा मजकूर मतदानापूर्वी ७२ तास उपलब्ध असावा लागतो. हा नियम ठरावाद्वारे बाजूला ठेवता येतो. ब्रिटनमध्ये सरकारी विधेयकांसोबत सोप्या भाषेतील स्पष्टीकरणात्मक टिपा दिल्या जातात. तरीही युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार कराराची अंमलबजावणी करणारे विधेयक ३० डिसेंबर २०२० रोजी एकाच दिवसात दोन्ही सभागृहांतून संमत झाले.

सुधारणांचे प्रस्ताव

केंद्र सरकारच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. त्याला कायद्याचे बळ नाही. याशिवाय विधेयके समितीकडे पाठवणे अनिवार्य करणे, पक्षादेशाची व्याप्ती विश्वासदर्शक ठराव व अर्थविषयक मतदानापुरती ठेवणे, मतविभागणीची नोंद नियमित करणे आणि सदस्यांना संशोधन साहाय्यक देणे या सूचना वेळोवेळी पुढे आल्या आहेत.

हे सुद्धा पहा

* पक्षांतरबंदी कायदा
* संसदीय समिती
* अध्यादेश
* महाराष्ट्र विधिमंडळ