झेडएक्स८१ चा १६ के रॅम पॅक

१६ के रॅम पॅक हे सिंक्लेअर रिसर्च या ब्रिटिश कंपनीच्या झेडएक्स८१ (१९८१) या घरगुती संगणकाची स्मृती वाढवणारे जोड-उपकरण होते. मूळ संगणकात केवळ १ किलोबाइट रॅम होती. पडदा अक्षरांनी पूर्ण भरल्यास तीपैकी ७९३ बाइट त्यातच खर्ची पडत. हा पॅक संगणकाच्या मागील जोडणीपट्टीवर बसवला जाई. त्यानंतर आतील रॅम निष्क्रिय होत असल्याने एकूण स्मृती १६ किलोबाइटच राही. आरंभी त्याची किंमत ४९.९५ पौंड, म्हणजे सुट्या भागांच्या संचरूपात मिळणाऱ्या संगणकाइतकीच होती. कळा दाबताना पॅक किंचित हलला तरी जोडणी तुटून संगणक ठप्प होई आणि कॅसेटवर न साठवलेली आज्ञावली नष्ट होई. म्हणून अनेक वापरकर्ते तो चिकटपट्टीने घट्ट बसवत.