सालीवरची नोंद

झाडाच्या सालीवर राखाडी, हिरवट, पिवळे चट्टे दिसतात. अनेकांना तो झाडाचा रोग वाटतो. वास्तविक ती शैवाके असतात. साल ही त्यांची केवळ बसायची जागा. झाडातून ती अन्न घेत नाहीत. या चट्ट्यांना नेमकी नावे देण्याच्या खटाटोपातून एका शहराच्या हवेचा इतिहास कसा टिकून राहिला, ते मला येथे सांगायचे आहे.

विल्यम नायलंडर यांचा जन्म १८२२ साली फिनलंडमधील ओउलू येथे झाला. हेलसिंकी येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद सोडून १८६३ मध्ये ते पॅरिसला स्थायिक झाले. तोवर शैवाके ओळखली जात ती रूपावरून. सालीला खपलीसारखे चिकटलेले, पानासारखे पसरलेले की झुडपासारखे लोंबणारे, हे आधी पाहायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू तपासायचे. पण जी डोळ्यांना सारखीच दिसतात, त्यांचे काय? १८६६ मध्ये नायलंडर यांनी एक साधा उपाय पुढे आणला : कॉस्टिक पोटॅशच्या किंवा ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचा एक थेंब. पिवळ्या झँथोरियावर पोटॅशचा थेंब पडला की तो भाग जांभळट लाल होतो. तितक्याच पिवळ्या कँडेलारियात फारसा बदल होत नाही. वनस्पतींच्या वर्गीकरणातील ही रसायनाची लुडबुड अनेक समकालीनांना रुचली नाही. आज मात्र ही चाचणी शैवाकांच्या अभ्यासाचे पहिले पाऊल मानली जाते.

त्याच वर्षी नायलंडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांची नावनिशीवार यादी प्रसिद्ध केली. शहरात इतरत्र विरळ असलेली शैवाके या मोकळ्या बागेत चांगली वाढतात, यावरून ती हवेची शुद्धता मोजून देतात, असे त्यांनी म्हटले. त्याचे कारण आता आपल्याला कळते. शैवाकाला मुळे नाहीत, पाणी अडवणारी त्वचा नाही. पावसातून आणि हवेतून जे येईल ते सर्वांगाने शोषले जाते. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइडही त्यातच आला.

१८९६ मध्ये त्यांनीच नोंदवले, की या उद्यानातून शैवाके नाहीशी झाली आहेत. पुढे हवेतील हे विष कमी झाले आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी तेथे शैवाके परतल्याचे अभ्यासकांनी प्रसिद्ध केले. तुलनेला आधार होता तो १८६६च्या यादीचा.

गंमत अशी, की शैवाक म्हणजे काय, याविषयी नायलंडर अखेरपर्यंत चुकीच्या बाजूला राहिले. शैवाक ही एक वनस्पती नसून कवक आणि शैवल यांचा एकत्र संसार आहे, हे श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये मांडले. नायलंडर यांनी १८९९ मध्ये मरेपर्यंत ते मानले नाही. त्यांचा सिद्धांत मागे पडला. नोंद मात्र उपयोगी पडली.

आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल हेही शैवाकच. नावात दगड असला, तरी बाजारात येणारा पुष्कळसा माल झाडांच्या सालींवरून काढलेला असतो, आणि त्या एका नावाखाली अनेक जाती एकत्र विकल्या जातात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा नावानिशी जपलेला संग्रह आहे. त्याचे मोल मला येथे जाणवते. एखादी जात जंगलातून संपली, तरी बाजारातले पोते भरलेलेच दिसेल. काय गेले, हे त्या संग्रहातल्या चिठ्ठ्यांवरूनच सांगता येईल.