निनांवी पत्र आणि राजाची पेटी



खालीं ‘एक हितचिंतक’ एवढीच सही असलेलें पत्र कधीं आलें नाहीं, अशी कचेरी विरळाच. लिहिणारा कित्येकदां केवळ द्वेषानें लिहितो. पण कित्येकदां त्याचें म्हणणें अक्षरशः खरें असतें, आणि नांव कळलें तर नोकरी जाईल, प्रसंगीं जीवहि जाईल, ही त्याची भीतिहि खरीच असते. अशा मनुष्यानें गप्प बसावें, कीं नांव न देतां पत्र टाकावें? हा प्रश्न फार जुना आहे. निरनिराळ्या राजसत्तांनीं त्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं व त्यांचीं फळेंहि भोगलीं.

इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन साम्राज्याच्या बिथिनिया प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागाचा, सुभेदार होता. ख्रिस्ती लोकांवरील खटले त्याच्यापुढें चालूं असतां पुष्कळांचीं नांवें असलेला एक निनांवी कागद त्याच्याकडे आला. काय करावें, हें त्यानें बादशहा ट्राजन यास विचारलें. ट्राजननें कळविलें कीं, निनांवी कागदाला कोणत्याहि आरोपांत थारा देऊं नये. तो पायंडा अत्यंत वाईट असून आपल्या काळाला शोभणारा नाहीं. हा बादशहा ख्रिस्ती लोकांना शिक्षा करण्यास तयार होता, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवावी. त्याच्या उत्तरांत आरोपीविषयींची दया नव्हती. राज्याच्या आरोग्याची काळजी होती. डोमिशियनच्या अमदानींत चहाडखोरांनीं माजविलेला अनर्थ रोम अजून विसरलें नव्हतें.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें दुसरा मार्ग धरिला. तेथें डोजच्या राजवाड्यांत व इतरत्र भिंतींना दगडी मुखें बसविलेलीं होतीं, व त्यांच्या उघड्या तोंडांतून फिर्यादीचा कागद आंतल्या पेटींत पडे. करांची चोरी, उत्पन्नाची लपवालपवी अशा निरनिराळ्या गुन्ह्यांसाठीं निरनिराळ्या पेट्या असत. या व्यवस्थेची निंदा पुष्कळ झाली आहे. इटलीचा विधिज्ञ बेक्कारिया यानें १७६४ च्या आपल्या ग्रंथांत गुप्त आरोपांवर कडक टीका केली. परंतु व्हेनिसचे राज्यकर्तेहि निनांवी कागदाला भीत असत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. राज्याच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या दहांच्या मंडळानें १३८७ सालीं अशीं पत्रें जाळून टाकण्याचा हुकूम केला होता. पुढें १५४२ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, निनांवी फिर्यादींत निदान तीन साक्षीदारांचा निर्देश असेल तरच ती विचारांत घ्यावी. म्हणजे लिहिणाराचें नांव नसलें, तरी शहानिशा करण्यास कांहीं आधार असलाच पाहिजे.

तरीहि गुप्ततेचा दोष गेला नाहीं. १६२२ सालीं आंतोनियो फोस्कारीनी या प्रतिष्ठित व्हेनिशियन मुत्सद्द्याला देशद्रोहाच्या आरोपावरून देहान्त शिक्षा झाली. येथें पुरावा पगारी हेरांचा होता, निनांवी पत्राचा नव्हे. पण आरोप करणाराला समोरासमोर प्रश्न करण्याची संधि आरोपीला नव्हती, हें दोहोंत सारखेंच. कांहीं महिन्यांतच हेरांचें असत्य उघडकीस आलें, आणि १६२३ सालीं त्याच मंडळानें फोस्कारीनी निर्दोष असल्याचें जाहीर केलें. तो जाहीरनामा ऐकण्यास फोस्कारीनी मात्र जिवंत नव्हता.

तिसरें उत्तर जपानचें. तोकुगावा घराण्यांतील आठवा शोगुन योशिमुने यानें १७२१ सालीं एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, न्यायकचेरीबाहेर एक पेटी ठेवविली. सामान्य प्रजाजनानें आपलें गाऱ्हाणें किंवा सूचना लिहून तींत टाकावी. मात्र कागदावर आपलें नांव व राहण्याचें ठिकाण लिहिलेंच पाहिजे. निनांवी कागद जाळले जात. पेटी महिन्यांतून ठराविक तीन दिवशीं ठेवीत, आणि ती उघडून कागद स्वतः शोगुनच वाची. मधल्या अधिकाऱ्यांचा हात त्यांना लागत नसे.

नांव देण्याचें धैर्य लोकांना झालें काय? झालें. यामाशिता नावाच्या एका बेरोजगार सामुराईनें खुद्द शोगुनच्या राज्यकारभारावरच टीका लिहून पाठविली. त्याला शिक्षा झाली नाहीं. उलट त्याच्या स्पष्टवक्तेपणाचा गौरव झाला. १७२२ सालीं ओगावा शोसेन या वैद्यानें निराधार रोग्यांसाठीं इस्पितळ काढावें अशी सूचना केली. त्याच वर्षीं कोइशिकावा येथील औषधी बागेंत तें इस्पितळ उघडलें, व तोकुगावांची सत्ता १८६८ सालीं संपेपर्यंत तें चाललें. नांव असल्यामुळें ओगावाला बोलावून त्याची योजना नीट समजावून घेतां आली. निनांवी पत्राला उलट प्रश्न विचारतां येत नाहीं, हीच त्याची खरी उणीव.

पण वाचणारा विश्वासू नसेल तर? हें दुःख आपल्या देशानेंहि अनुभविलें आहे. निनांवी अर्जांनीं प्रामाणिक अधिकाऱ्यांचा छळ होतो म्हणून केंद्रीय दक्षता आयोगानें १९९९ सालीं अशा अर्जांवर कारवाई करूं नये असें फर्माविलें. पुढें २००२ सालीं सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्यानें राष्ट्रीय महामार्गाच्या कामांतील गैरव्यवहाराविषयीं पंतप्रधानांना पत्र लिहिलें. आपली ओळख त्यानें सांगितली, परंतु ती गुप्त ठेवण्याची विनंती केली. ती विनंती पाळली गेली नाहीं. पत्र ओळखीसह सरकारी टेबलांवरून फिरलें. २७ नोव्हेंबर २००३ रोजीं गया येथें त्याचा खून झाला. तो खून लुटारूंनीं केला असा निर्णय पुढें न्यायालयांत लागला. पण विश्वासानें सोंपविलेलें नांव सांभाळलें गेलें नाहीं, ही गोष्ट त्यामुळें खोटी ठरत नाहीं. देशभर क्षोभ उसळल्यावर, सर्वोच्च न्यायालयाच्या आग्रहानें, केंद्र सरकारनें एप्रिल २००४ मध्यें ठराव केला: तक्रारदारानें बंद लिफाफ्यांत दक्षता आयोगाला आपलें नांव कळवावें, व आयोगानें तें गुप्त राखावें.

तेव्हां जेथें नांव सांभाळणारा विश्वासू अधिकारी आहे, तेथें निनांवी पत्र लिहूं नये. सही करून लिहावें. जेथें तसा कोणीच नाहीं, तेथें भ्यालेल्या मनुष्याला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाहीं. परंतु त्यानेंहि व्हेनिसचा तो कायदा स्मरावा आणि तारीख, जागा, कागद, साक्षीदार असेंच लिहावें, कीं ज्याची चौकशी दुसऱ्या कोणासहि करतां येईल. आणि वाचणारानें अशा पत्रावरून चौकशी करावी, शिक्षा कधींहि करूं नये. ज्या कचेरींत निनांवी पत्रांचा ढीग पडतो, तेथल्या वरिष्ठानें लिहिणारांच्या भित्रेपणावर रागावण्यापूर्वीं आपल्या पेटीची किल्ली कोणाच्या हातीं आहे, हें एकदां पाहावें.