वकील आणि अशील

कोर्टाच्या पायऱ्यांवर काळ्या कोटामागून कागदांची पिशवी सांभाळत निघालेला अशील कुणाच्या खिजगणतीत नसतो. शब्दांचा हिशेब मात्र उलटा आहे. ‘वकील’ फारसीतून आपल्याकडे आला, मूळचा अरबी. ज्याच्यावर काम सोपवलं तो वकील. पेशवाईत परदरबारी धन्याची बाजू मांडणारा तो वकील. दिल्लीतलं पेशव्यांचं हिंगणे घराणं याच पेशातलं. ‘अशील’ही अरबीच, ‘अस्सल’चा सख्खा भाऊ! अशील म्हणजे मूळ माणूस, ज्याचं गाऱ्हाणं आहे तो. वकिलाचा अधिकार उसना.

कैवार घेणारे नेमकं हेच विसरतात. दुसऱ्याच्या दुःखावर स्वतःच तासभर बोलतात आणि मूळ माणूस सतरंजीवर बसून ऐकतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हे पक्कं उमगलं होतं. त्यांनी अस्पृश्य समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदाच दिल्या. डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ पाक्षिकाला पैसे दिले, संपादकी मागितली नाही. मार्च १९२० मध्ये माणगावला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला छत्रपती हजर होते. अध्यक्षपदी होते आंबेडकर. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं महाराजांनी तिथं जमलेल्यांना सांगितलं.