नारळ, शाल आणि बिदागी

लश्करच्या मराठी मंडळींना बाडा काय सांगायचा! टाउन हॉल, पोस्टाची इमारत, पलीकडे गोरखी. माझं लहानपण इथल्याच गल्ल्यांत गेलं.

आमची आत्या गायची. ग्वाल्हेरच्या गायकीची रीतसर तालीम घेतलेली. गणपती आले की निरोप यायचा, "ताई, तुम्ही तर घरच्याच. तासभर गा." मंडपवाल्याला पैसे, लाइटवाल्याला पैसे, पेढेवाल्याला पैसे. आत्याला नारळ. तबलजीचं टांग्याचं भाडंसुद्धा तीच द्यायची. पुढे मंडळाचा हिशेब माझ्याकडे आला. कलाकारांपुढे शून्य लिहिताना मलाही कधी काही वाटलं नाही.

खरं तर आपल्या गायकीची गोष्टच अशी सुरू होते. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ गायचे. हद्दू-हस्सू खाँ या भावांनी पडद्याआड बसून त्यांचं गाणं उचललं, असं सांगतात. कळल्यावर खाँसाहेब फार दुखावले म्हणे. विद्या गेली, ती न विचारता!

हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे ग्वाल्हेरला येऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात गेली. बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. मिरजेत त्यांना संस्थानचा आश्रय होता. पण एका समारंभाचं बोलावणं त्यांना आलं, गुरूंना नाही. गवयाला कसलं आमंत्रण, असा सूर होता म्हणतात. ते त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी मिरज सोडली आणि पुढे तिकीट लावून जाहीर मैफल केली. गाणं राजवाड्यात नाही तर देवळात, असा तो काळ. तिकीट थोडक्या पैशांचं, पण ऐकणारा ते विकत घेऊन येऊ लागला. गवई कुणाचा मिंधा राहिला नाही.

5 मे 1901 ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथे गरीब, होतकरू मुलांना जेवूखाऊ घालून शिकवलं. म्हणजे देणं त्यांनी सोडलं नव्हतंच. फक्त कुणाला द्यायचं, ते स्वतः ठरवलं. इथे ग्वाल्हेरलाही कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये स्वतःची संगीतशाळा काढली. 1973 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

दान आणि फुकट यांतला हा फरक मला फार उशिरा कळला. दान कलाकार देतो. फुकट आपण घेतो, आणि वर त्याला "घरचेच" म्हणतो.

मागच्या गणपतीत भाचीला गायला बोलावलं. तिने फोनवर सरळ विचारलं, "मामा, बिदागी किती?" मी क्षणभर गप्पच झालो. मग आकडा सांगितला, तबलजीचा वेगळा. मोठा नव्हता, पण वहीत शून्य नव्हतं.

आत्या आता नाही. तिचं टांग्याचं भाडं आमच्याकडे बाकीच राहिलं.

तुमच्या घरीही असं कुणी गायलं, वाजवलं असेल. त्यांच्याबद्दल जरूर लिहा. आणि यंदा मंडळाचं बजेट करताना कलाकाराचा आकडा आधी लिहा, पेढ्यांचा नंतर.